अळवावरचे पाणी आणि वडीचे तेल

श्रावण लागला की आमच्या मागील दारी न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले अळू कमरेएवढे वाढते. काळ्या देठाचे, वडीचे. सकाळी पाने कापायला गेले की प्रत्येक पानाच्या खोलगट भागात रात्रीच्या पावसाचा एक टपोरा थेंब बसलेला असतो. पान जरा कलले की तो पाऱ्यासारखा घरंगळतो आणि पान पुन्हा कोरडे ठणठणीत. 'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार आपण मराठी माणसे क्षणभंगुरतेसाठी वापरतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात तर कर्म करूनही अलिप्त राहणाऱ्या माणसाला कमळाच्या पानाचीच उपमा दिली आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली आहे. पण पाहणे वेगळे आणि 'असे का?' म्हणून विचारणे वेगळे. मला ते सातवीतल्या एका मुलीने विचारले, आणि मी तिला चुकीचे उत्तर दिले. त्याची ही हकीकत.

साल १९८४. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवत होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी वर्गात पाण्याचे गुणधर्म सांगत होते. दाखवायला म्हणून शाळेच्या कुंपणाजवळचे अळवाचे पान आणले होते. त्यावर पाण्याचा थेंब फिरवून मी ठेक्यात सांगितले, "पान मेणचट आणि गुळगुळीत असतं, म्हणून पाणी त्यावर ठरत नाही." मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, काच तर पानापेक्षा गुळगुळीत. मग खिडकीच्या काचेला पाणी का चिकटतं? आणि आई वड्या लावते तेव्हा पानाला तेलाचा हात लागला की तिथं काळा डाग पडतो. तेल का नाही घरंगळत?"

वर्ग हसला. मलाही उत्तर येत नव्हते. "ते परीक्षेला नाही. बस खाली," असे म्हणून मी फळ्याकडे वळले. ती बसली. पुढच्या वर्षी तिची शाळा सुटली. घरात धाकटी भावंडे होती, आणि त्या काळी अशा मुलींचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नसे. तिचे दोन प्रश्न मात्र माझ्या मागे लागले. आज सेवानिवृत्तीनंतर सांगते, त्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवायला जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही बराच काळ लागला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिळाले. जर्मनीतील विल्हेल्म बार्थलॉट हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या वनस्पतींची पाने तपासत होते. तपासण्याआधी पाने स्वच्छ धुवावी लागत. त्यांच्या असे लक्षात आले की जी पाने गुळगुळीत आहेत त्यांच्यावर धूळ हमखास सापडते, आणि ज्यांचा पृष्ठभाग खडबडीत आहे ती पाने मात्र न धुताच स्वच्छ असतात. आपल्या सगळ्यांच्या समजुतीच्या हे नेमके उलटे होते! १९९७ साली बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी क्रिस्टोफ नाइनहाउस यांनी या विषयावरचा आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला, आणि कमळाच्या पानाचे गुपित जगजाहीर झाले.

म्हणजे मी वर्गात सांगितले त्यातला 'मेणचट' हा शब्द बरोबर होता आणि 'गुळगुळीत' हा साफ चूक.

कमळाच्या पानावर लक्षावधी बारीक उंचवटे असतात. एकेक उंचवटा साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आपल्या डोक्याचा केसही त्याच्या कितीतरी पट जाड असतो. या प्रत्येक उंचवट्यावर पुन्हा मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे रान माजलेले असते. एकेका नळीची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोंगरावर झाडी असावी, तशी ही रचना. आपल्या अळवाच्या पानाची तऱ्हाही याच जातीची.

आता पाण्याच्या थेंबाकडे पाहा. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना बाहेरच्या बाजूला धरायला कोणी नसते, म्हणून ते आत ओढले जातात आणि थेंब गोल होऊ पाहतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. थेंब एखाद्या वस्तूवर ठेवला की त्याच्यापुढे दोन मार्ग असतात : त्या वस्तूला बिलगून पसरायचे किंवा स्वतःतच गोळा होऊन राहायचे. काचेला पाण्याचे आकर्षण, म्हणून तिथे थेंब पसरतो. मेणाला ते नाही, म्हणून मेणावर तो फुगीर राहतो. थेंबाची कड वस्तूशी किती अंशांचा कोन करते यावरून हे मोजतात. सपाट मेणावर हा कोन ११०च्या आसपास असतो. कमळाच्या पानावर तो १६०च्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ पूर्ण गोळा.

मेण तेच, मग एवढा फरक कशाने? हवेने! थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि मधल्या फटींत हवा अडकून राहते. शरपंजरी पडलेल्या भीष्माचा देह जसा बाणांच्या टोकांवर तोललेला होता, तसा हा थेंब. त्याच्याखाली पान थोडे आणि हवाच जास्त. पानाला तो धड शिवतच नाही, तर चिकटणार कुठून? आणि घरंगळताना तो वाटेतली धूळ स्वतःला चिकटवून घेऊन जातो, कारण ती धूळही केवळ टोकांवर टेकलेली असते. पावसाची एक सर आली की पानाची आंघोळ झाली.

अशा हवेच्या गादीचे गणित ब्रिटनमध्ये लोकर उद्योगासाठी संशोधन करणाऱ्या कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ सालीच मांडले होते. बदकाची पिसे का भिजत नाहीत, हेही त्यांनी त्याच गणिताने सांगितले होते. पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकून अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेलेले नीलेश पाटणकर यांनी या शतकाच्या सुरुवातीला या गणितात मोलाची भर घातली. थेंब खांबांच्या टोकांवर कधी तरंगेल आणि कधी फटींत बुडेल, आणि उंचवट्यांवर उंचवटे अशी दुहेरी रचना का उपयोगी पडते, याचा हिशेब त्यांनी मांडला.

वाचकहो, हे घरी करून पाहण्यासारखे आहे. अळवाचे ताजे पान पाण्याच्या बादलीत बुडवा आणि तिरक्या नजरेने पाहा. पान चांदीचा वर्ख लावल्यासारखे चमकेल. ती चमक पानाची नव्हे, त्याला लपेटून बसलेल्या हवेच्या थराची. पान बाहेर काढा, कोरडेच असेल. आता अंगठ्याने त्याचा एक भाग जरा जोराने घासा आणि पुन्हा थेंब सोडा. घासलेल्या जागी थेंब अडखळेल. मेणाचे रान तुम्ही मोडून टाकले. नातवंडांना हे एकदा दाखवा. त्यांच्या पुस्तकातल्या चार पानांचे काम होईल.

आणि मग त्याच पानावर गोडेतेलाचा एक थेंब टाका. तो घरंगळणार नाही. पसरेल, आत झिरपेल आणि काळपट डाग उमटवेल. इथे त्या मुलीचा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्याहून फार अवघड आहे.

तेलाचे रेणू एकमेकांना फारसे घट्ट धरत नाहीत. पाण्याचा पृष्ठताण ज्या मापाने ७२ भरतो, त्या मापाने खाद्यतेलाचा तिसाच्या थोडा पुढे आणि पेट्रोलचा विसाच्या आसपास. गोळा होऊन राहण्याची ओढच कमी, म्हणून तेल मिळेल त्या पृष्ठभागावर पसरते. मेण तर त्याचे जवळचे नातलग. खांबांच्या टोकांवर तेल टेकले की ते खांबांच्या अंगावरून खाली उतरते, हवेला हुसकावून लावते आणि फटी भरून टाकते. मग पाण्याला दूर ठेवणारा तोच खडबडीतपणा तेलाला आणखी शोषून घेतो.

माणसाने यावर रसायनाचा तोडगा काढला. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला वायूच्या एका नळकांड्यात अनपेक्षितपणे एक पांढरी, निसरडी भुकटी सापडली. तीच पुढे टेफ्लॉन म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात कार्बनला फ्लोरिन जोडलेला असतो. फ्लोरिनयुक्त पदार्थांना कोणाशीच सलगी नको असते, पाण्याशी नाही आणि तेलाशीही फारशी नाही. मग याच कुळातली शेकडो रसायने तयार झाली. तव्यावर, गालिच्यावर, रेनकोटवर, खाद्यपदार्थ गुंडाळायच्या कागदावर, आग विझवायच्या फेसात, सगळीकडे ती गेली. माझ्या घरीही नव्वदच्या दशकात नॉनस्टिक तवा आला. माझ्या सासूबाईंचा बिडाचा तवा, ज्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवून त्या घावने घालत, तो मी हौसेने भंगारात दिला.

या रसायनांचा गुण तोच त्यांचा दोष निघाला. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी पक्की की ऊन, पाऊस, जंतू कोणालाच ती सहज सुटत नाही. कारखान्यांतून ती नदीत गेली, विहिरींत गेली, माशांत गेली, माणसांच्या रक्तात आली आणि तिथेच राहिली. टेफ्लॉनसारखा तयार थर आणि तो बनवताना वापरली जाणारी लहान रेणूंची रसायने यांत फरक आहे, हे सांगायला हवे. घरोघरच्या तव्याला घाबरून जाण्याचे कारण नाही, तो रिकामा तापवू नये एवढे खरे. परंतु त्या कारखानदारीत वापरले जाणारे पीएफओए हे रसायन कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली दिला. त्याआधी २०१९ मध्ये स्टॉकहोम करारानुसार त्याच्यावर जगभर बंदीचा निर्णय झाला होता. त्याचाच भाऊबंद पीएफओएस २००९ सालीच त्या यादीत गेला होता.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की फ्लोरिनशिवाय तेल परतवता येईल का? अळू आणि कमळ तर या बाबतीत हात टेकतात. मग शिकायचे कोणाकडून?

उत्तर निघाले पायाखालच्या मातीतून. ओल्या पालापाचोळ्यात जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीचे, सहा पायांचे जीव राहतात. पोटाखाली दुमडलेली शेपटी झटकून ते टुणकन उडी मारतात, म्हणून इंग्रजांनी त्यांना स्प्रिंगटेल म्हटले. कुंडीतली ओली माती उकरली तर तुम्हालाही दिसतील. यांतले बहुतेक जीव कातडीतूनच श्वास घेतात. कातडी भिजली की गुदमरणे आले. आणि कुजणाऱ्या मातीतले पाणी काही पावसाचे शुद्ध पाणी नव्हे. त्यात कुजलेल्या पदार्थांचे नाना स्राव मिसळलेले, पृष्ठताण उतरलेला. तेव्हा या जिवाला पाण्यापेक्षा चिवट शत्रूशी सामना करावा लागतो.

जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०११ साली या कातडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात कमळवाले नाइनहाउसही होते. त्यांना कातडीवर मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसली. तिच्या भिंती आडव्या छेदात पाहिल्या तर अळंबीसारख्या : वर रुंद, खाली अरुंद. सारे मर्म या आकारात आहे. सरळ खांबावरून तेल खाली उतरते. पण खांबाला अळंबीसारखी टोपी असेल, तर टोपीच्या कडेवरून आत वळायला तेलाला उलटे, वरच्या दिशेने जावे लागते. तिथे त्याचा स्वतःचा पृष्ठताणच त्याला अडवून धरतो. तेल कडेला लटकून राहते, आतली हवा सुरक्षित.

हे कठीण वाटत असेल तर घराचा छज्जा आठवा. पावसाचे पाणी छज्जाच्या खालच्या बाजूने सरकत भिंतीपर्यंत येऊ नये म्हणून जाणता गवंडी छज्जाच्या खाली, कडेलगत एक खाच ठेवतो. पाणी तिथवर येते आणि गळून पडते, पुढे सरकत नाही. कारणे तंतोतंत एक नाहीत, पण युक्ती तीच : वस्तू कशाची आहे यापेक्षा तिची कड कशी वळली आहे हे महत्त्वाचे.

ही युक्ती माणसाच्या हाती टप्प्याटप्प्याने आली. अमेरिकेतील एमआयटीमध्ये अनीश तुतेजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अळंबीसारखे सूक्ष्म खांब आणि बारीक तंतू वापरून तेल परतवून दाखवले, पण त्यात फ्लोरिनची मदत होतीच. २०१४ साली लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात टिंगयी लिऊ आणि चँग-जिन किम यांनी पुढची मजल मारली. त्यांनी काचेच्याच जातीच्या पदार्थाचे, चपट्या डोक्याच्या खिळ्यांसारखे सूक्ष्म खांब केले आणि प्रत्येक डोक्याची कड पुन्हा खाली वळवली, छत्रीच्या झालरीसारखी. वरून कोणतेही रसायन नाही. ज्या पदार्थावर एरवी पाणीही पसरते आणि तेलही, त्याच पदार्थाने केवळ आकाराच्या जोरावर पाणी, तेल, इतकेच काय, सगळ्यांत पसरट असे फ्लोरिनयुक्त द्रवसुद्धा परतवून लावले!

मी ते वाचले आणि मला १९८४ सालचा तो वर्ग आठवला. "काच तर गुळगुळीत, मग तिला पाणी का चिकटतं?" असे तिने विचारले होते. तीच काच, आकार दिला तर तेलालाही दाद देत नाही.

म्हणून काही सगळे प्रश्न सुटले असे नव्हे. ते खिळे बनवायला संगणकाच्या चिप्स घडवणारी महागडी यंत्रे लागतात, आणि तव्यावर उलथने फिरवावे तसे त्यांच्यावर काही फिरले तर ते मोडतात. कमळाचे पानही घासले की बिघडते, पण झाड जिवंत असते, ते मेण पुन्हा उगवते. आपला रंग किंवा कापड पुन्हा मेण उगवत नाही. २०२० साली चीनमधील चेंगडू आणि फिनलंड येथील संशोधकांनी यावर एक उपाय सुचवला : नाजूक नॅनोरचनेभोवती थोड्या मोठ्या मापाची मजबूत चौकट उभारायची, म्हणजे घासणे चौकटीवर जाईल आणि आतले रान वाचेल. चिलखताचीच कल्पना.

दुसरा मार्ग घटपर्णीने दाखवला. मेघालयातल्या खासी आणि गारो टेकड्यांवर आढळणारी घटपर्णी किडे खाते. तिच्या घटाची कड ओली असते, आणि त्या पाण्याच्या पातळ थरावरून किडा घसरून आत पडतो. म्हणजे इथे फटींत हवा नाही, तर द्रवच धरून ठेवला आहे. हार्वर्ड विद्यापीठात जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०११ साली या कल्पनेवरून सच्छिद्र पृष्ठभागात वंगण जिरवून असे थर केले, ज्यांवरून पाणी, तेल, रक्त सारेच घसरते. पुढच्याच वर्षी एमआयटीतील कृपा वाराणसी यांच्या गटाने याच वाटेने बाटलीतले केचप शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढून दाखवले.

हे वाचताना मला सासूबाईंचा बिडाचा तवा आठवला. बिडाच्या खडबडीत अंगात वर्षानुवर्षे तेल मुरलेले असते, तापून तापून त्याचा काळा, गुळगुळीत थर झालेला असतो, आणि घावन अलगद सुटते. तत्त्व अगदी तेच नव्हे, पण नाते आहे. शिवाय रोज तेलाचा हात फिरवून तो थर पुन्हा ताजा करणे, हे झाडाच्या मेण उगवण्यासारखेच नव्हे का?

गेल्या श्रावणात तालुक्याच्या आठवडे बाजारात वडीच्या पानांच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका बाईने मला हाक मारली. "बाई, ओळखलंत का?" मी ओळखले नाही. तिने नाव सांगितले आणि मी तिथेच पोत्यावर बसले. केस पिकले होते, हातांना देठांचे डाग होते. मी तिला म्हटले, "तू मला दोन प्रश्न विचारले होतेस. मी तुला खाली बसवलं होतं." तिला ते आठवत होते. मग मी तिला खडबडीत पानाचे, हवेच्या गादीचे सगळे सांगितले. ती म्हणाली, "खडबडीत ते आहेच. हाताला भुरकं लागतं की! मला तेव्हाच वाटलं होतं, पण तुम्ही गुळगुळीत म्हणालात."

मग तेलाचे सांगितले. मातीतल्या त्या किड्याचे, अळंबीच्या आकाराचे. तिने जुडी बांधता बांधता ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग अळवाला ते कशाला जमायला हवं, बाई? परसात काय तेलाचा पाऊस पडतो? ज्याला पाहिजे त्यानं केलंय."

मी एवढी वर्षे वाचत होते ते तिने दोन वाक्यांत सांगितले. अळवाला पावसाची चिंता, म्हणून ते पावसापुरते शिकले. किड्याला श्वासाची चिंता, म्हणून तो पुढचे शिकला. गरजेपलीकडे कोणी गेले नाही. आपण मात्र एक रसायन हाती आले म्हणून वड्याच्या कागदापासून गालिच्यापर्यंत सगळ्याला ते फासून मोकळे झालो. शस्त्रक्रियेच्या नळीवर रक्त गोठू नये, विमानाच्या पंखावर बर्फ साचू नये, ही गरज खरी आहे आणि तिथे हे संशोधन जरूर यावे. पण प्रत्येक ठिकाणी आधी तिचा प्रश्न विचारायला हवा : इथे तेलाचा पाऊस पडतो का?

मी चार जुड्या घेतल्या. तिने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले, मी तिच्या हातात कोंबले. घरी येऊन वड्या लावल्या. पानाला तेलाचा हात लागला, डाग पडला. पुढच्या बाजारी बिडाचा तवा घ्यायचा, असे ठरवूनच वड्या वाफवायला ठेवल्या.